पहिल्यांदाच पाळणाघर शोधताय? मग या क्रमाने जा

रजा संपायला दोन महिने उरले की घरात एकच विषय सुरू होतो: बाळाला ठेवायचं कुठे? मग फोनाफोनी होते. एक ठिकाण परवडत नाही, दुसरीकडे जागा नाही, तिसरीकडे जागा आहे पण आत पाऊल टाकताच मन मागे सरतं. माझ्या पहिल्या मुलाच्या वेळी मी हे सगळं उलट्या क्रमाने केलं. आधी फी विचारली, सर्वांत कमी फी सांगणारं ठिकाण घेतलं आणि बाकीचे प्रश्न नंतरसाठी ठेवले. दोन महिन्यांत त्या खोलीतल्या तीन ताई बदलल्या. सात महिन्यांचं बाळ संध्याकाळी घरी आलं की मला चिकटून राहायचं, झोपेत दचकायचं. तिसरी ताई वाईट नव्हती, चांगली मायाळू होती. पण तिच्याकडे अकरा बाळं होती. अकरा बाळांना एकटी बाई किती पुरी पडणार?

दुसऱ्या मुलाच्या वेळी, आणि पुढे ओळखीतल्या नव्या आईबापांसोबत बसून, हा शोध मी पुन्हा पुन्हा केला. त्यातून पक्कं झालेलं मत आधीच सांगते. इमारत, गणवेश, खेळण्यांचा थाट, ठेवण्याचे तास, या सगळ्यात काटकसर करा. एका ताईमागे मुलं किती आणि ती ताई तिथे टिकते का, या दोन गोष्टींत करू नका. खालच्या पायऱ्या याच विचाराने लावल्या आहेत.

पायरी १: पैसे जातात कुठे ते समजून घ्या

फी ऐकून बहुतेक आईबापांना धक्का बसतो आणि समोरचा लुटतोय असं वाटतं. कधी तसं असतंही. पण आधी हा साधा हिशोब करून पाहा.

समजा, एका खोलीत सहा तान्ही बाळं आहेत आणि तीन बाळांमागे एक ताई असा नियम आहे. म्हणजे खोलीत कायम दोन ताई हव्यात. पाळणाघर दिवसाला दहा तास उघडं असेल तर दोन जणींचे मिळून वीस तास झाले. एका ताईने आठ तास काम करायचं म्हटलं तर अडीच ताईंचा पगार लागतो. तो सहा घरांत वाटला की प्रत्येक बाळाच्या वाट्याला एका ताईच्या पगाराचा ४० टक्क्यांहून जास्त हिस्सा येतो. भाडं, वीज, विमा, साफसफाई अजून यात धरलेलीच नाही.

आता चार वर्षांची सोळा मुलं घ्या, आठ मुलांमागे एक ताई. अडीच पगार तेच, पण वाटणारी घरं सोळा. प्रत्येकाच्या वाट्याला १६ टक्क्यांच्याही आत. तान्ह्या बाळाची जागा सगळीकडे सर्वांत महाग आणि सर्वांत दुर्मीळ का असते, ते या दोन आकड्यांत आहे.

हे आकडे मी हवेतून घेतलेले नाहीत. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालच्या तीन मुलांमागे एक मोठं माणूस असावं असा नियम आहे. दोन वर्षांच्या मुलांसाठी हे प्रमाण चारास एक होतं, सप्टेंबर २०२३ पासून पाचास एक चालतं. तीन वर्षांपुढे साधारण आठास एक. देशोदेशी आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण बाळ जितकं लहान तितके हात जास्त लागतात, हे कुठेच बदलत नाही.

यंत्र आणून हे काम स्वस्त करता येत नाही. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थतज्ज्ञांनी १९६६ मध्ये नाटक-संगीताच्या व्यवसायाबद्दल हे मांडलं होतं: चौघांनी वाजवायची रचना शंभर वर्षांपूर्वी चौघं वाजवत होते, आजही चौघंच लागतात, मात्र बाकीच्या धंद्यांत पगार वाढतात तसे त्यांचेही वाढवावे लागतात. बाळाला थोपटून झोपवायचंही तसंच आहे. म्हणून फी पालकांना जड जाते आणि तरीही ताईच्या हातात पुरेसा पगार पडत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. ज्या ताईवर आपण बाळ सोपवतो तिचं घर चालत नसेल तर ती टिकणार नाही, आणि ती गेली की पहिला त्रास बाळालाच होतो.

या पायरीतून शोधासाठी दोन गोष्टी हाती लागतात. सरकारी किंवा संस्थेच्या मदतीशिवाय एखादं ठिकाण तान्ह्या बाळासाठी फारच कमी फी सांगत असेल, तर एकतर मुलं जास्त आहेत किंवा पगार कमी आहेत. यातलं काय, ते विचारा. दुसरं म्हणजे, दोघांच्या रजा एकापुढे एक जोडून बाळाचं पाळणाघर चार-सहा महिने पुढे ढकलता आलं, तर सर्वांत महागडा काळ तेवढाच आखडतो. हे गरोदरपणातच ठरवायला हवं, नंतर जमत नाही.

पायरी २: गरज तासांत लिहा

'दिवसभर' हा शब्द खर्चिक आहे. एका कागदावर आठवड्याचे दिवस लिहा. कोण किती वाजता निघतं, कोण किती वाजता परततं, प्रवासाला किती वेळ लागतो, हे प्रत्येक दिवसासमोर भरा. एकाने कामाची वेळ तासभर अलीकडे आणि दुसऱ्याने तासभर पलीकडे नेली, तर बाळाचे दहा तास आठवर येतात का? आठवड्यातला एक दिवस घरचं कोणी नक्की सांभाळू शकतं का? मालकाशी किंवा साहेबांशी बोलायचं ते आताच, रजा संपायच्या आदल्या आठवड्यात नव्हे. कुटुंबाची जबाबदारी असलेल्या स्त्री-पुरुष कामगारांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९८१ मध्ये वेगळा करार केला. त्यात स्त्रियांइतकाच पुरुषांचाही उल्लेख आहे, हे बाबांनी ध्यानात ठेवावं. वेळ बदलून मागण्यात कमीपणा नाही.

पायरी ३: पूर्ण वर्षाचा खर्च मांडा

महिन्याची फी हा खर्चाचा एक भाग आहे. प्रवेश शुल्क, डिपॉझिट, वार्षिक शुल्क, उशीर झाल्यास दंड आणि ये-जा हे त्यात मिळवा. पण सगळ्यांत जास्त फसगत सुट्ट्यांमध्ये होते.

एक उदाहरण घ्या. पहिल्या ठिकाणाची फी महिन्याला १००, दुसऱ्याची १२०. पहिलं वर्षात सहा आठवडे बंद असतं, दुसरं दोन आठवडे, आणि फी दोन्हीकडे बारा महिन्यांची. वर्षाचे झाले १२०० आणि १४४०. पहिल्या ठिकाणी चार आठवडे, म्हणजे कामाचे वीस दिवस, जास्तीचे बंद. त्या दिवसांत बिनपगारी रजा घ्यावी लागली आणि एका दिवसाला १२ बुडाले, तर २४० झाले. दोन्ही ठिकाणं सारखीच पडली! त्यात पहिलं ठिकाण सहा वाजता बंद होत असेल आणि तुम्ही सव्वासहाला पोहोचत असाल, तर 'स्वस्त' ठिकाणच महाग ठरतं. फी नंतर, सुट्ट्यांची यादी आधी मागा.

इथे मला एक कळकळीने सांगायचं आहे. बहुतेक घरांत फी आईच्या पगाराशी ताडून पाहतात आणि 'निम्मा पगार तर तिकडेच जातो, मग नोकरी कशाला?' असा निष्कर्ष काढतात. फी ही घराच्या एकूण मिळकतीतून जाते. बाळ दोघांचं आहे, खर्चही दोघांचा. शिवाय ताडून पाहायचं ते आजच्या पगाराशी नाही, पुढच्या दहा-पंधरा वर्षांशी. तीन वर्षं बाहेर राहिलं तर बुडालेला पगार, न मिळालेल्या वाढी, निवृत्तीसाठी न साठलेला पैसा आणि परत नोकरी मिळवताना करावी लागणारी तडजोड, हे सगळं त्या पारड्यात पडतं. बाळ मोठं होतं तशी फी उतरू शकते, पण सुटलेल्या वाढी मिळत नाहीत. हा सगळा हिशोब समोर ठेवूनही कोणी, आईने किंवा बाबांनी, घरी राहायचं ठरवलं, तर तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे आणि त्याचा मान ठेवावा.

पायरी ४: मदतीची दारं आधी ठोठवा

ही पायरी लोक शेवटी घेतात, म्हणजे जागा पक्की झाल्यावर. उलट करा. कारण बऱ्याच ठिकाणी मदत फक्त नोंदणीकृत पाळणाघरांनाच लागू होते. आवडलेल्या ठिकाणाची नोंदणी नसेल तर हातातली मदत जाते.

पाहण्यासारख्या जागा: सरकारी किंवा पालिकेची केंद्रं, उत्पन्नानुसार मिळणारी सवलत, करातली सूट, तुमच्या आणि जोडीदाराच्या, दोघांच्याही कार्यालयाची सोय, बालशिक्षणाचे अभ्यासक्रम चालवणाऱ्या संस्थांची स्वतःची शिशुवर्गं, आणि धर्मादाय संस्था. खासगी ठिकाणीही भावंडांची सवलत किंवा मिळकतीप्रमाणे फी असते. पाटीवर लिहिलेली नसते, विचारल्यावर कळते. उत्पन्नाचा दाखला, बाळाचा जन्मदाखला, पत्त्याचा पुरावा, लसीकरणाची नोंद, कामाचं पत्र यांची एक फाईल करून ठेवा. अर्जाची शेवटची तारीख आणि वयाची अट कोणत्या दिवशी मोजतात, या दोन गोष्टींवर जास्तीत जास्त अर्ज अडतात.

स्वस्त सरकारी सोय असली म्हणजे जागा मिळेलच, असंही नाही. कॅनडातल्या क्वेबेक प्रांताने १९९७ मध्ये दिवसाला पाच डॉलर एवढ्या ठरीव फीवर बालसंगोपन सुरू केलं. फी आवाक्यात आली आणि पाठोपाठ प्रतीक्षा यादी लांबली. म्हणून पुढची पायरी.

पायरी ५: नाव लवकर नोंदवा

गरोदर असतानाच नाव घेणारी ठिकाणं असतात. तीन-चार ठिकाणी नोंदवा. यादी तारखेप्रमाणे चालते की भावंडांना, कर्मचाऱ्यांना आधी जागा देतात, हे विचारा. नाव नोंदवायला पैसे घेत असतील तर ते परत मिळतात का, हे लेखी घ्या. महिन्यातून एकदा फोन करा. मोठी मुलं शाळेत गेली की एकदम जागा सुटतात, म्हणून शालेय वर्ष सुरू होण्याच्या आधीचे दोन महिने फार महत्त्वाचे.

पायरी ६: जाऊन बसा

चार मिनिटांत फिरवून दाखवतात ती भेट कामाची नाही. एका खोलीत अर्धा तास बसायची परवानगी मागा. नाही म्हणाले तर मी तिथे बाळ ठेवणार नाही.

बसल्यावर भिंतीवरची चित्रं पाहू नका, ताई पाहा. स्वतः मोजा: खोलीत मुलं किती, मोठी माणसं किती? दुपारी, मुलं झोपलेली असताना, आणि संध्याकाळी शेवटच्या तासाला हे प्रमाण बदलतं, म्हणून जमलं तर दुसऱ्या वेळी परत जा. रडणाऱ्या बाळाजवळ कोणी जातं का आणि किती वेळाने? मुलांशी बोलताना ताई खाली बसते की उभ्याने हाक मारते?

लंगोट बदलताना नक्की पाहा. एमी पिकलर या बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९४६ मध्ये बुडापेस्टला लोत्सी रस्त्यावर अनाथ बाळांसाठी घर चालवायला घेतलं. तिथे त्यांचा कटाक्ष असा की भरवणं, अंघोळ घालणं, कपडे बदलणं हीच बाळाशी नातं जुळायची वेळ आहे. ती घाईत उरकायची नाही, बाळाला सांगत, त्याची साथ घेत करायची. ही कसोटी मला आजही सर्वांत भरवशाची वाटते. जी ताई लंगोट बदलताना बाळाच्या डोळ्यांत बघून चार शब्द बोलते, तिच्याकडे वेळ आहे आणि मनही आहे. त्याला जादा पैसे पडत नाहीत, फक्त तिच्याकडे मुलं कमी असावी लागतात.

मग प्रश्न. या खोलीतल्या ताई इथे किती वर्षांपासून आहेत? गेल्या वर्षात किती जणी सोडून गेल्या? आईबाप आधी न कळवता भेटायला आले तर चालेल का? बाळाला न्यायला कोण येऊ शकतं आणि ते कसं तपासता? प्रथमोपचार कोणाला येतो? वर्षाच्या आतल्या बाळाला उताणंच झोपवतात ना, पाळण्यात उशा आणि मऊ खेळणी ठेवत नाहीत ना? टीव्ही किंवा मोबाईल दाखवतात का? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की वर्षाखालच्या बाळाला पडदा मुळीच नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी तासाहून जास्त नको. उत्तर देताना समोरच्या व्यक्तीला राग आला, तर तेही एक उत्तर समजा.

शिकवण्याबद्दल. तीन वर्षांच्या मुलाच्या हातात वही-पेन्सिल देऊन त्याचे वेगळे पैसे मागत असतील तर देऊ नका. या वयात गोष्टी, गाणी, माती-पाणी, उड्या, आणि प्रश्नाला उत्तर देणारं मोठं माणूस हेच शिक्षण आहे. नावाच्या पाटीलाही भुलू नका. 'मॉन्टेसरी' ही पाटी कोणीही लावू शकतं, आणि तिच्यामुळे फी वाढलेली दिसते. मारिया मॉन्टेसरींचं पहिलं बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत उघडलं, आईबाप दिवसभर कामावर गेल्यावर इमारतीत मोकाट फिरणाऱ्या मुलांसाठी. कष्टकऱ्यांच्या मुलांसाठी सुरू झालेली गोष्ट आज ऐपतीचं लक्षण म्हणून विकली जाते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पाटीऐवजी आत जाऊन पाहा: मुलं स्वतः वस्तू घेतात, हाताळतात, जागेवर ठेवतात का?

पायरी ७: केंद्र नाही जमलं तर

घरगुती पाळणाघर बहुधा स्वस्त पडतं, मुलंही कमी असतात. पण ती ताई आजारी पडली तर काय, हे आधी ठरवा, आणि घरात आणखी कोण राहतं ते विचारा. दोन घरांनी मिळून एक ताई ठेवणं हा मला सर्वांत कमी वापरला जाणारा चांगला मार्ग वाटतो. पगार दोन घरांत वाटला जातो, ताईला एकाच घरातून मिळाला असता त्याहून जास्त मिळतो, बाळाला सोबत मिळते. मात्र सुट्ट्या, आजारपण, कोणाच्या घरी आणि कोण किती पैसे देणार, हे पहिल्याच दिवशी कागदावर उतरवा. मैत्री कितीही घट्ट असली तरी.

आजी-आजोबा हे फुकट पाळणाघर नाही. त्यांना 'जमेल ना?' असं विचारलं तर ते हो म्हणतात, कारण नाही म्हणवत नाही. त्याऐवजी 'आठवड्यातले कोणते दिवस तुम्हाला मोकळे हवेत?' असं विचारा. दोन दिवस आजी, तीन दिवस पाळणाघर अशी वाटणी बऱ्याच घरांत छान चालते.

पायरी ८: सही करण्याआधी

कागद पूर्ण वाचा. फी वर्षात किती वेळा आणि किती आधी सांगून वाढते, ताप आला तर किती तास घरी ठेवायचं, सुट्टीत फी लागते का, सोडताना किती दिवसांची सूचना द्यायची, डिपॉझिट केव्हा परत. तोंडी मिळालेला शब्द मेसेजवर लिहून पाठवा: 'आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे...'

पायरी ९: रुळवणं

यासाठी निदान एक आठवडा राखून ठेवा, दोन मिळाले तर उत्तम. पहिल्या दिवशी तासभर, तुम्ही तिथेच. मग तुम्ही थोडा वेळ बाहेर, मग अर्धा दिवस. आठ-नऊ महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत बाळं आईबाप दिसेनासे झाले की घाबरतात. हे वाढीचंच लक्षण आहे. नेमकं तेव्हाच बाळ सोडायची वेळ आली तर रडणं जास्त होईल, त्यात ताईचा दोष नसेल. लपून निघू नका. निरोप घ्या, थोडक्यात घ्या, आणि निघा. निघाल्यावर दाराबाहेर उभं राहून रडलेल्या आया-बाबांना मी पाहिलंय, मीही उभी होते. थोड्या वेळाने फोन करून विचारलं तर कोणी रागावत नाही.

पहिल्या वर्षी सर्दी, खोकला, ताप एकामागून एक येतात. चार मुलांत गेलं की हे होतंच. म्हणून वर्षाची रजा सुरुवातीलाच संपवू नका, आणि आजारपणात कोण थांबणार याच्या पाळ्या जोडीदारासोबत आधीच लावा.

महिना-दीड महिन्यानंतरही बाळ ताईकडे जाताना अंग चोरत असेल, अंगावर कारण न सांगितलेल्या खुणा दिसत असतील, ताई सतत बदलत असतील किंवा तुम्हाला आत येऊ देणं बंद झालं असेल, तर डिपॉझिटचा विचार करत बसू नका, काढा. मी दीड महिना थांबले होते, केवळ भरलेल्या पैशांपायी.

सगळं सुरळीत चालू असलं तरी दर सहा महिन्यांनी तिसऱ्या पायरीचा कागद काढून आकडे पुन्हा भरा. मूल दोन वर्षांचं किंवा तीन वर्षांचं झालं की एका ताईमागची मुलांची संख्या बदलते, पण फी आपोआप उतरत नाही. वाढदिवसाच्या महिन्यात जाऊन विचारावं लागतं. आणि जागा सोडायची ठरली की लवकरात लवकर लेखी कळवा. यादीत तुमच्यामागे कोणीतरी रोज फोनकडे बघत बसलेलं असतं.